कर्करोगावर पीएचडी: खारघर की हायडेलबर्ग?

एमएस्सी संपत आली, नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा, निघाली आणि जर्मनीतल्या एखाद्या ग्रुपकडून मुलाखतीचं बोलावणंही आलं, अशा वळणावरची दोन-तीन मुलं दर वर्षी मला फोन करतात. विषय त्यांनी ठरवलेला असतो: ट्रान्स्लेशनल रिसर्च, म्हणजे प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट रुग्णाच्या उपयोगी पडेपर्यंत नेणं. अडतं ते जागेपाशी. खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधन केंद्र, की हायडेलबर्गचं डीकेएफझेड, म्हणजे जर्मन कर्करोग संशोधन केंद्र? मी स्वतः मुंबईत रुग्णालयाला लागून असलेल्या एका लॅबमध्ये पीएचडी केली आणि नंतर तीन वर्षं जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, केलं. त्यामुळे दोन्हीकडच्या कामाची रीत जवळून पाहिली आहे.

फोनवर मी आधी एचपीव्हीची गोष्ट सांगते. १९८३-८४ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये एचपीव्ही १६ आणि १८ हे विषाणू शोधून काढले. त्याच सुमारास ते डीकेएफझेडचे प्रमुख झाले, २००३ पर्यंत राहिले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विषाणू सापडला, पण एखाद्या खेड्यातल्या बाईला त्याचा काय फायदा, ते तपासायला तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात यावं लागलं. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ५२ गावसमूहांतल्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांना अभ्यासात घेतलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. पुढे २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एचपीव्हीवरच्या स्वदेशी लशीला परवानगी मिळाली.

हा सगळा रस्ता एकोणचाळीस वर्षांचा आहे. तुमची पीएचडी पाच वर्षांची. त्यातला एकच टप्पा तुमच्या वाट्याला येणार. कारण शोधणं, निदानाची चाचणी बसवणं, उपचार तयार करणं, की तो लोकांपर्यंत पोचतो का ते मोजणं? माझ्या मते आधी टप्पा ठरवावा. जागा आधी ठरवली की प्रोजेक्ट गाइडच्या सोयीने हातात पडतो आणि तिसऱ्या वर्षी कळतं की आपल्याला हे करायचंच नव्हतं.

नमुना कुठून येतो

दोन जागांमधला खरा फरक इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

खारघरला रुग्णालय आणि लॅब एकाच आवारात आहेत आणि मागे परळच्या टाटा रुग्णालयाची प्रचंड ओपीडी उभी आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे होणारा हिरडीचा आणि गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग आपल्याकडे रोजचा आहे. युरोपातल्या विद्यार्थ्याला तो इतक्या संख्येने बघायला मिळणार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पात भारताने हाच कर्करोग निवडला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी ही जनुकशास्त्राची संस्था आणि ॲक्ट्रेक यांनी मिळून ५० रुग्णांच्या गाठींचं एक्झोम सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएमधल्या प्रथिनं घडवणाऱ्या भागाचं वाचन, केलं, आणखी ६० रुग्णांवर ते पडताळलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात या कर्करोगाशी आधी न जोडलेली काही जनुकं सापडली. हे काम इथेच होऊ शकत होतं, कारण आजार इथे आहे.

उपचाराच्या टप्प्याचं उदाहरण त्याहून ताजं आहे. रुग्णाच्याच टी-पेशी बदलून रक्ताच्या कर्करोगावर सोडायच्या, ही कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबईच्या लॅबमध्ये घडली आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी खारघरला रुग्णांना देऊन तपासली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते ती सुरू झाली. पवई ते खारघर हे अंतर एका दुपारचं. डॉक्टर आणि लॅबवाले समोरासमोर बसू शकतात, हा फायदा संस्थेच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलेला नसतो.

आणि भाषा. संमतीपत्र मराठीत असतं. जालन्याहून आलेल्या आजोबांना त्यांच्या गाठीचा तुकडा आपल्याला कशासाठी हवा आहे, हे तुम्ही स्वतः सांगू शकता. एका आजोबांनी मला विचारलं होतं, ‘माझ्या नातवाला ह्याचा उपयोग होईल ना, पोरी?’ थीसिस लिहिताना ते वाक्य माझ्या टेबलासमोर चिकटवलेलं होतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या लॅबमध्ये एथिक्स कमिटीची मंजुरी यायला आठ महिने गेले. पुढे एका लांब सुट्टीत डीप फ्रीझर बंद पडला आणि दीड वर्षात गोळा केलेले नमुने वितळले. शस्त्रक्रियागृहातून टिश्यू वेळेत आणणं हे रेसिडेंट डॉक्टरच्या मर्जीवर होतं. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर, त्यांना दोष तरी कसा द्यायचा? हा वेळ कोणी भरून देत नाही.

हायडेलबर्गला ही झीज फार कमी आहे. डीकेएफझेड आणि विद्यापीठाचं रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि दोघांना जोडणारं राष्ट्रीय ट्यूमर केंद्र, एनसीटी, तिथेच आहे. त्यांच्या मास्टर नावाच्या उपक्रमात तरुणपणी झालेल्या किंवा दुर्मीळ कर्करोगांच्या रुग्णांचा जीनोम वाचला जातो आणि डॉक्टर-वैज्ञानिक एकत्र बसून त्यावरून उपचार सुचवतात. विद्यार्थ्याच्या हातात नमुना येतो तो क्रमांक लागलेला, नीट साठवलेला, पूर्ण क्लिनिकल माहितीसह. मात्र रुग्णाचा चेहरा बहुधा दिसत नाही. संमती डॉक्टर घेतात, जर्मनमध्ये. लॅबची भाषा इंग्रजी, वॉर्डची जर्मन. जर्मनची बी-वन, म्हणजे मध्यम पातळी झाली तरी वॉर्डातलं बोलणं हातातून निसटतं.

पैसे, वर्षं, गाइड

भारतात जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (सुरुवातीची वर्षं) महिना ३७,००० आणि एसआरएफला (पुढची वर्षं) ४२,००० रुपये, वर घरभाडं. पैसे वेळेवर येतील याची खात्री मात्र फेलोशिप देणाऱ्या संस्थेनुसार बदलते. मी एकदा चार महिने भावाकडून उसने घेऊन काढले. ॲक्ट्रेकच्या पीएचडीची पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची. पाच-सहा वर्षं धरून चाला.

जर्मनीत मास्टर्स पूर्ण असावं लागतं आणि तीन ते चार वर्षांत संपवण्याची रीत आहे. पुष्कळ ठिकाणी तुम्ही कंत्राटी नोकरदार असता, बहुधा ६५ टक्के पगारावर. आरोग्यविमा आणि पेन्शन त्यातच, शिक्षण शुल्क नाही. गाइडखेरीज एक सल्लागार समिती असते, ती ठरावीक काळाने भेटते आणि गाइडचं चुकत असेल तर तसं बोलते. आपल्याकडे डॉक्टरल कमिटी कागदावर तीच आहे. ती बोलते का, ते तिच्या सदस्यांवर.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथे पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काम करून मग गाइड निवडता येतो, ही पद्धत मला सगळ्यांत शहाणी वाटते. पण एनआयएच, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था, हिच्या प्रशिक्षण अनुदानातून परदेशी विद्यार्थ्यांना पैसे मिळत नाहीत, आणि २०२५ मध्ये निधीच्या अनिश्चिततेमुळे काही विद्यापीठांनी दिलेले प्रवेश मागे घेतले. आज ज्याच्या हातात जर्मनीची ऑफर आहे, त्याने ती अमेरिकेच्या आशेवर सोडू नये.

मी काय सांगते

तोंडाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग, स्वस्त चाचणी, परवडणारा उपचार, यांपैकी काही मनात असेल तर खारघर. पोस्टडॉकला बाहेर जाता येतं. रुग्णासमोर बसून शिकलेलं मात्र नंतर भरून काढणं कठीण. गाठीच्या आत काय चालतं, नवं तंत्र कसं बसवायचं, याची ओढ असेल किंवा घरच्या परिस्थितीमुळे चार वर्षांत मोकळं होणं भाग असेल, तर हायडेलबर्ग. बीडीएस-एमडीएस झालेल्या दंतवैद्यांना तर मी न विचारता खारघर सांगते. बायॉप्सी घेणारा हात आणि पिपेट धरणारा हात एकच असणं फार मोलाचं आहे.

हो म्हणण्याआधी त्या लॅबमधल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फोन करा, गाइडला नव्हे. एथिक्सची मंजुरी आधीच आहे का? संमती कोण घेतं? फ्रीझरला बॅकअप आहे का? आणि सरळ विचारा, ‘तुझा पहिला नमुना कितव्या महिन्यात आला?’ तो थांबून हसला तर आणखी एकाला फोन करा.