छोट्या कर सल्लागार कार्यालयातील नोकरी : दोन वर्षांचा अनुभव

पुण्यातील एका कर सल्लागाराच्या कार्यालयात मी दोन वर्षे लेखा सहायक म्हणून नोकरी केली. तिथे अर्ज करू पाहणाऱ्यांसाठी हा अभिप्राय. आम्ही सात जण होतो आणि सरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय ग्राहकाला साधा ईमेलही जात नसे. पत्र छापून त्यांच्या टेबलावर ठेवायचे, ते लाल पेनाने ‘कृपया’ची जागा बदलत, आणि सुधारलेली प्रत नेली की तोच शब्द पुन्हा पूर्वीच्या जागी आणून ठेवत. दर महिन्याला 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचे जीएसटी विवरणपत्र) आणि 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-3बी (महिन्याच्या कराचे एकत्रित विवरणपत्र) भरायचे असते. त्या दिवसांत सर खुर्चीमागे उभे राहून प्रत्येक बिलाचा क्रमांक मोठ्याने वाचायला लावत, त्यामुळे दुपारी संपणारे काम रात्री नऊपर्यंत लांबत असे आणि उशिराचे खापर मात्र आमच्या माथी फुटे.

पगार कधीही 1 तारखेच्या पुढे गेला नाही, आणि खरेदीच्या नोंदींचा जीएसटीआर-2बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून आपोआप तयार होणाऱ्या विवरणाशी) ताळमेळ घालायला मी तिथेच पक्के शिकले, म्हणून नवशिक्यांनी वर्षभर जरूर काम करावे. भविष्यनिर्वाह निधी नव्हता. 20 पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर तो सहसा बंधनकारक नसतो, तेव्हा मुलाखतीतच विचारून घ्यावे. रजेचे कारण लेखी द्यावे लागे. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी तसे दिले होते, तरीही रुग्णालयात मला सरांचे चार फोन आले, आणि चौथ्या फोननंतर मी राजीनामा लिहिला.