बेरी कॉलेज, रोम (जॉर्जिया): ज्यांना गोठ्यात उतरून शिकायचंय त्यांच्यासाठी

ॲनिमल सायन्स (पशुविज्ञान) शिकायला ख्रिस्ती कॉलेज शोधत असाल आणि अमेरिकेच्या दक्षिणेत राहत असाल, तर बेरी कॉलेज आधी बघा. अटलांटापासून गाडीने साधारण दीड तास. लेकीला व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, व्हायचंय म्हणून आम्ही गेलो, आणि माझं मत तिथल्या गोठ्याने बनवलं.

आधी एक गोष्ट, कारण नगरच्या आमच्या नातेवाइकांना ती दर वेळी समजवावी लागते. भारतात बारावी करून, नीट देऊन थेट बी.व्ही.एससी.ला, म्हणजे पशुवैद्यकीच्या पदवीला, जाता येतं. अमेरिकेत सहसा आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचं व्हेट कॉलेज. बेरीत व्हेट कॉलेज नाही. त्यासाठी पुढे अथेन्सच्या युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाला किंवा दुसरीकडे अर्ज करावा लागतो. त्या अर्जात ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्रीचे मार्क बघतातच, पण जनावरांसोबत प्रत्यक्ष किती काम केलंय तेही बघतात. शहरात वाढलेल्या मुलांचं घोडं इथेच अडतं.

बेरीचा खरा जोर याच ठिकाणी आहे. कॅम्पस 27,000 एकरांचा आहे. कुरणं, जंगल, डोंगर, सगळं त्यातच. जर्सी गायींची डेअरी, मांसासाठी पाळलेली अँगस जातीची जनावरं, घोड्यांसाठी गनबी इक्वाइन सेंटर. आणि या सगळ्यावर राबतात ते विद्यार्थी, पगार घेऊन. शिकता शिकता काम करणं ही इथली सुरुवातीपासूनची रीत. मार्था बेरी यांनी 1902 साली डोंगरातल्या गरीब मुलांसाठी शाळा काढली तेव्हा मुलं शिकायची आणि शेतावर कामही करायची. आज प्रत्येक विद्यार्थ्याला चारही वर्षं कॅम्पसवर पगारी काम मिळू शकतं.

माझा भाऊ राहुरीकडे गाया सांभाळतो. फोनवर त्याने एकच विचारलं, "फॅट किती लागतं?" जर्सीचं पाच टक्क्यांच्या आसपास, होल्स्टिन जातीच्या गायींपेक्षा बरंच जास्त. इथे विद्यार्थ्यांनीच चालवलेला 'जीन्स अँड क्रीम' नावाचा व्यवसाय आहे. जर्सीचं वंशसुधारणेचं काम आणि त्याच दुधाचं आइस्क्रीम, दोन्ही त्यात येतं. मला हे फार मोलाचं वाटलं. गाय माजावर कधी येते, कालवडीला काय खाऊ घालायचं, वेत कसं सांभाळायचं, आणि शेवटी दूध विकून पैसे कसे उभे करायचे, हे सगळं एकाच मुलीच्या हाताखालून जातं. पुस्तकातला जनुकांचा धडा आणि दावणीची गाय यांच्यात इथे फारसं अंतर राहत नाही.

आता 'ख्रिस्ती' या शब्दाबद्दल, कारण आमच्या घरात चर्चा जास्त झाली ती यावरच. मी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढले. रविवारची उपासना चुकवणं आम्हाला माहीतच नव्हतं. बेरी कोणत्याही एका पंथाचं नाही आणि उपासनेला येण्याची सक्ती नाही. ज्यांना ख्रिस्ती विश्वास प्रत्येक विषयाच्या वर्गात हवा आहे, त्यांनी आयोवातलं डॉर्ट विद्यापीठ बघावं. ते रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट परंपरेचं आहे आणि त्यांचंही शेत आहे. फीचं ओझं मोठं असेल तर मिझुरीतलं कॉलेज ऑफ द ओझार्क्स. तिथे शिकवणीची फी नाही, त्याऐवजी आठवड्याला 15 तास काम. पण प्रवेशात पसंती त्या डोंगराळ भागातल्या गरजू मुलांना असते, आणि तसंच असायला हवं. मला स्वतःला बेरीची मोकळीक पटली. बेरीचं ब्रीद बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातलं आहे, सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला. पहाटे उठून वासरांना दूध पाजणाऱ्या मुलांकडे बघून ते मला खरं वाटलं.

कमी काय आहे? खासगी कॉलेज आहे, छापील फी बघून पोटात गोळा येतो. पण ती बघून माघारी फिरू नका, कॉलेजची स्वतःची मदत धरून हिशेब मांडा. जॉर्जियाचे रहिवासी असाल तर राज्याची होप शिष्यवृत्ती खासगी कॉलेजलाही लागू होते, हे आपल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं. मोठ्या संशोधनाची ओढ असेल तर सरकारी विद्यापीठात प्रयोगशाळा जास्त मिळतील. आणि रोम लहान गाव आहे. ज्याला शहराची सवय आहे त्याला सुरुवातीला सुनं वाटेल.

भेटीला जाल तेव्हा कॅम्पस दाखवणाऱ्या फेरीवर भागवू नका. आधी कळवून डेअरी बघायची परवानगी घ्या आणि तिथे काम करणाऱ्या मुलांशी बोला. धार कोण काढतं, पहिल्या वर्षाला कोणतं काम देतात, परीक्षेच्या आठवड्यात पाळ्या कशा लावतात, हे विचारा. आमच्या लेकीने हेच विचारलं आणि मग अर्ज भरला.