घराशेजारची बेवारस पट्टी कुणाची: ऑनलाइन उतारा की सरकारी मोजणी?

कुंपणापलीकडे झुडपं माजलेली चार-पाच फुटांची पट्टी असते. ती कुणाची, हे शोधायला महाराष्ट्रात दोन वाटा आहेत.

पहिली घरबसल्या होते. महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर गाव निवडून आपला गट (जमिनीचा क्रमांकित तुकडा) शोधायचा, शेजारच्या गटाचा क्रमांक टिपायचा आणि महाभूलेख या जमीन-नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर त्याचा सातबारा पाहायचा. नुसतं पाहणं फुकट, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत. जागा गावठाणात किंवा शहरात असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) शोधावी लागते. बरेच जण इथेच अडतात आणि ‘नोंदच नाही’ असं समजून बसतात. पण पडद्यावरच्या नकाशावरून फुटाफुटाची हद्द ठरवू नका. रेघ जरा सरकली तरी अख्खी पट्टी इकडची तिकडे होते.

दुसरी वाट मोजणीची. भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे अर्ज आणि फी भरायची, लगतच्या धारकांना नोटिसा जातात, भूकरमापक (सरकारी मोजणीदार) येऊन हद्दी दाखवतो, नंतर मोजणीचा नकाशा म्हणजे ‘क’ प्रत मिळते. वेळ आणि पैसा दोन्ही जास्त. शिवाय मोजणी आपल्याच जागेची होते: पट्टी आपल्या हद्दीत येते की नाही ते कळतं, बाहेरची असेल तर मालकाचं नाव पुन्हा उताऱ्यातच शोधायचं.

म्हणून मी आधी उताराच काढेन. मात्र भिंत बांधायची असेल, तर मोजणीशिवाय एक वीटही रचू नये.