मटन स्ट्रीटवर दोन वाट्या शोधताना

आमच्या पुडिंग सेटच्या चारच वाट्या उरल्यात. होत्या सहा. एक भावाने बारावीत असताना फोडली, दुसरी कोणी फोडली ते आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. मामा मस्कतला होता. १९८३ च्या गणपतीला येताना त्याने हा सेट ब्लँकेटात गुंडाळून आणला. पांढरी दुधी काच आणि बाहेरून बारीक निळी फुलं. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत या वाट्या शोकेसमध्ये असायच्या आणि पाहुणे आले तरच फ्रूट सॅलडसाठी खाली उतरायच्या. आई आता ब्याऐंशीची आहे. दर दिवाळीला एकदा तरी म्हणते, "सहा असत्या तर बरं होतं." तेव्हा दोन वाट्या मिळतात का बघायला मी आणि माझी भाची चोरबाजारात गेलो.

डोंबिवलीहून स्लो लोकलने सँडहर्स्ट रोड, तिथून चालत मटन स्ट्रीट. शुक्रवारी जाऊ नका. त्या दिवशी इथली दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्म्याचा बाजार भरतो, तो वेगळा. सकाळी लवकर जाऊनही फायदा नाही. आम्ही साडेदहाला पोचलो तर निम्मी शटरं खालीच होती.

ज्या दुकानाबद्दल लिहितेय त्याला पाटीच नाही, त्यामुळे नाव सांगायचा प्रश्न नाही. आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील इतकी जागा. वर ग्रामोफोनचे कर्णे, कोपऱ्यात ओगल्यांचा प्रभाकर कंदील (आमच्या कराडकडच्या आत्याकडे असाच होता, हात लावल्यावाचून राहवलं नाही) आणि डावीकडची सगळी भिंत काचसामानाची. मालक साठीचे, बोलायला गोड. मालाची त्यांना खरोखर आवड आहे. मात्र कुठलीही वस्तू उचलली की ती बेल्जियमची आणि शंभर वर्षांची.

पहिल्यांदा हातात आली मधाच्या रंगाची जाड वाटी. मालकांनी ती उलटी करून तळाचा आकडा दाखवला, ४७. "देखो बहनजी, सन सैंतालीस. आज़ादी के साल का माल." भाची प्रभावित झाली. मी आकड्याच्या शेजारचं नाव वाचलं, ड्युरालेक्स, फ्रान्स. हे नाव बाजारात आलं १९४५ साली, त्यामुळे थाप बसतेही छान. पण तो आकडा सालाचा नसतो, साच्याचा असतो. कारखान्यात एकाच वेळी अनेक साचे चालतात. कुठल्या साच्यातून माल वाकडा येतोय ते कळावं म्हणून प्रत्येकाला नंबर देतात. ढिगाऱ्यातली तशीच दुसरी वाटी काढली, तिच्यावर १२. म्हटलं, "चाचा, ये सन बारह का है?" चाचा मनापासून हसले. तिथून आमचं जमलं.

बेल्जियमचं म्हणाल तर तिथली काच जगात नावाजलेली आहे, यात वाद नाही. लिएजजवळचा वाल सें लांबेरचा कारखाना १८२६ पासूनचा. पण तिथलं क्रिस्टल, म्हणजे शिसं घातलेली काच, हातात जड लागतं, नखाने टिचकी मारली की नाद घुमत राहतो आणि पैलूंच्या कडा अंगठ्याला बोचतात, कारण ते चाकावर कापलेले असतात. चाचांच्या "बेल्जियम" बाउलचे पैलू साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत होते. बाहेरून बोट फिरवलं तर वरून खाली उतरलेली साच्याची रेघ लागली, समान अंतरावर तशाच आणखी दोन. म्हणजे तीन तुकड्यांच्या साच्यात दाबून काढलेली काच. दिसायला वाईट नाही, पण दोन हजारांची तर नाहीच.

मग सोनेरी काठाचा लेमन सेट निघाला, मूळ खोक्यासकट. "अंग्रेज़ों के ज़माने का." जुन्या काचेत मला सगळ्यात आवडतं ते खोकं. काच साल सांगत नाही, पुठ्ठा सांगतो. या खोक्यावर पत्ता होता, शेवटी बॉम्बे आणि पुढे सहा आकडी पिन कोड. पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला आणि बॉम्बेचं मुंबई झालं १९९५ ला. इंग्रज जाऊन निदान पंचवीस वर्षं झाल्यावरचा हा आहेर! देशांच्या नावांचंही तसंच. पश्चिम जर्मनी लिहिलं असेल तर १९४९ ते १९९०. चेकोस्लोव्हाकिया असेल तर १९१८ नंतरचं आणि १९९२ संपायच्या आतलं. नुसतं 'झेक रिपब्लिक' असेल तर घासाघीस जोरात करावी.

इथे भाचीने पर्समधून तिचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च काढला. ऑनलाइन सहाशे रुपयांना घेतलेला. पिवळट हिरव्या रंगाच्या एका छोट्या बाउलवर तिने तो मारला आणि बाउल रेडियमच्या काट्यांसारखा हिरवागार पेटला. युरेनियमची काच! बोहेमियात, म्हणजे आजच्या झेक रिपब्लिकमध्ये, १८३० च्या दशकापासून काचेत युरेनियम मिसळून असा रंग काढत आलेत. काचेत मँगॅनीज असेल तरी मंद हिरवट झाक येते, पण ही मंद नव्हती. टॉर्चला माझे पाचपैकी पाच, टॉर्च मारायच्या वेळेला शून्य. चाचांनी हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला, आणि तीनशेचा बाउल आमच्या डोळ्यांदेखत बाराशेचा झाला. तुमच्याकडे टॉर्च असेल तर भाव ठरेपर्यंत पर्समध्येच ठेवा.

आता आमच्या वाट्या. मी घरून एक वाटी आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधून नेली होती, आणि तेच कामी आलं. फोटोवरून असली जोडी लागत नाही. चाचांनी माळ्यावरून पांढऱ्या काचेची चळत उतरवली. निळ्या फुलांच्या तीन वाट्या निघाल्या, तिन्ही लांबून आमच्यासारख्याच.

एकीवर ला ओपाला. ही कंपनी आपल्याकडची, मधुपूरला त्यांची दुधी काच निघायला लागली १९८८ च्या सुमारास. मधुपूर तेव्हा बिहारात होतं, २००० पासून झारखंडात. मामाने सेट आणला १९८३ ला, म्हणजे ही बाद. दुसरीच्या तळाला काहीच नाही. फुलं आमच्यासारखी, पण पाकळीच्या आतला निळा ठिपका रेषेबाहेर सरकलेला. स्क्रीन प्रिंटच्या लग्नपत्रिकेत एक रंग इकडेतिकडे व्हायचा, अगदी तसा. आमच्या चारही वाट्यांवर ठिपका जागच्या जागी आहे. भाचीचं म्हणणं, सरकलेला ठिपका म्हणजे हाताने रंगवलेलं. उलट आहे. हाताने रंगवलेलं असतं तर दोन फुलं सारखी निघालीच नसती. इथे प्रत्येक फुलात ठिपका तितकाच आणि त्याच बाजूला सरकला होता.

तिसरीच्या तळाला काचेतच उमटलेली अक्षरं, आर्कोपाल फ्रान्स, आमच्या वाट्यांवर आहेत तीच. माझ्या छातीत धडधडलं, पण चेहरा मी बँकेच्या काउंटरवर ठेवायचे तसा ठेवला. उत्तर फ्रान्समधल्या आर्क गावच्या कारखान्याने हे नाव १९५८ मध्ये काढलं आणि पुढे कित्येक वर्षं चालवलं, त्यामुळे नावावरून नेमकं साल कळत नाही. मग तळाची घासण पाहिली. खऱ्या वापराचे ओरखडे वेडेवाकडे, सगळ्या दिशांना असतात. सगळे एकाच दिशेला दिसले तर कोणीतरी पॉलिश पेपर फिरवलाय असं समजावं. इथे वेडेवाकडेच होते. शेवटी आमची वाटी सोडून तिच्यावर ही ठेवली. न डुगडुगता, न अडकता बसली. तेवढ्यावर माझं समाधान झालं.

भाव सांगितला आठशे. मी तीनशे म्हटलं. साडेचारशेला तुटलं. चहा चाचांनी पाजला आणि वाटी उर्दू वर्तमानपत्राच्या चार थरांत बांधून दिली. बांधणी उत्तम. परतीच्या गर्दीत दादरला एक बाई माझ्या पिशवीवर जवळजवळ बसली होती, तरी वाटीला टवका नाही.

दुकानाला माझे पाचपैकी साडेतीन. माल खरा असतो, फक्त वय खोटं सांगतात. उलटून-पालटून बघायला मनाई नाही, बिल मात्र मागूनही मिळत नाही. मोठी तक्रार एकच. सोनेरी काठाचे बाउल "रोज वापरा, काही होत नाही" असं सांगून विकतात. ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, सोन्यावर ठिणग्या उडतात. आणि आतल्या बाजूने रंगकाम असेल तर आंबट काही त्यात ठेवू नका. जुन्या भाजलेल्या रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. असा बाउल शोकेसमध्येच शोभतो.

युरेनियमचा बाउल घेतला नाही, याचं भाचीला अजून वाईट वाटतंय.

आईने पाचवी वाटी हातात घेतली, उलटी केली आणि पाच सेकंदांत म्हणाली, "ही आपली नव्हे. आपल्या वाट्यांची फुलं घासून फिकी झालीत." मग तिने त्याच वाटीत शिकरण खाल्लं. सहावी आली तर बाजूला ठेवा, असं सांगून मी चाचांकडे फोन नंबर देऊन आलेय. दोन महिने झाले. परवा फोन आला होता, ड्युरालेक्सच्या अजून सहा वाट्या आल्यात म्हणून.