लिओपोल्ड कॅफे, कुलाबा: पर्यटकांचा हंगाम आणि बिअरचा खप
कुलाबा कॉजवेवरील 1871 सालच्या लिओपोल्ड कॅफेत बसले, की बिअरचा खप कोणाच्या खिशावर अवलंबून आहे ते आजूबाजूच्या टेबलांवरूनच उमगते. हिवाळ्यात परदेशी पर्यटक आले, की हायनेकेनसारख्या महाग बिअरला सहज गिऱ्हाईक मिळते. पावसाळ्यात स्थानिक नोकरदार किंगफिशरच मागवतात. अर्थात 2021 मध्ये किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीज कंपनीतील आपला हिस्सा 61.5 टक्क्यांवर नेऊन हायनेकेनने किंगफिशरचाही ताबा मिळवल्यामुळे दोन्ही हंगामांचा लाभ तिलाच होतो, आणि हे धोरण मला खरोखर दूरदृष्टीचे वाटते. बिअर थंडगार आणि सेवा तत्पर आहे, मात्र दर पर्यटकांच्या ऐपतीला बेतलेले आहेत; त्यातच नोव्हेंबर 2023 मध्ये परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट 5 वरून 10 टक्के झाल्याची झळ मुंबईकरांनाच अधिक बसली.