दादरचे एक पंचकर्म चिकित्सालय : येथे रुग्णालाही काम असते

दादर आणि माटुंगा यांच्या मधल्या पट्ट्यातील ज्या पंचकर्म चिकित्सालयाविषयी हे लिहीत आहे, तेथे पहिल्या भेटीत रुग्णाच्या अंगाला तेलाचा थेंबही लागत नाही. चिकित्सालयाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या या एकाच ठिकाणापुरत्या आहेत असे मला वाटत नाही. मुंबईत आज सलूनपासून पंचतारांकित हॉटेलांपर्यंत अनेक ठिकाणी ‘पंचकर्म’ अशी पाटी दिसते आणि आत गेल्यावर मिळते ते बहुधा तासाभराचे अभ्यंग, म्हणजे तेलाने मालीश, आणि शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची संथ धार. दोन्ही सुखावह आहेत यात शंका नाही. पण वमन (उलटी करवणे), विरेचन (जुलाब देणे), बस्ती (गुदमार्गे औषध देणे), नस्य (नाकात औषध सोडणे) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणे) या पाच कर्मांत त्यांची गणना होत नाही, आणि अभ्यंग हा तर मुख्य कर्माच्या पूर्वतयारीचा भाग. येथे शिरोधारेवर काही सवलत चालू आहे का, असे विचारायला आलेल्या एका बाईंना स्वागतकक्षातूनच सांगण्यात आले की आधी वैद्यांना भेटा, त्यांना गरज वाटली तरच शिरोधारा होईल. बाई परत गेल्या. माझे अनुकूल मत निम्मे तेव्हाच तयार झाले.

माझे दुखणे कंबरेचे. दिवसभर संगणकासमोर बसणे, जाता-येता लोकलमध्ये उभे राहणे आणि वाढते वय यांचा जो व्हायचा तो परिणाम झाला होता. चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्यांमधली चकती थोडी बाहेर आल्याचे एमआरआयमध्ये दिसले होते. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. पण त्याआधी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून नीट पाहिली, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवतो का, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का हे विचारले, आणि यांपैकी काही असते तर तुम्हाला मी आधी रुग्णालयातच पाठवले असते, असे स्पष्ट सांगितले. आपल्या शास्त्राची हद्द कुठे संपते हे ज्या वैद्याला पहिल्याच भेटीत सांगता येते, त्याच्याकडे पुढची प्रकृतिपरीक्षा निश्चिंत मनाने करून घेता येते.

ती प्रश्नोत्तरे पाऊण तास चालली. झोप, भूक, शौचाची वेळ, घाम, जेवणातला पहिला घास कोणता, अशी त्यांची रीत होती. मग त्यांनी विचारले, “ताई, लघवी किती वेळ दाबून धरता?” चरकसंहितेत जे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक निकडी, अडवू नयेत असे म्हटले आहे, त्यांत मूत्र आणि पुरीष यांबरोबरच शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेली धाप यांचाही समावेश आहे. ज्या शहरात स्त्रियांना मोफत मुतारी मिळावी म्हणून ‘राइट टू पी’सारखी मोहीम चालवावी लागली, तेथे घरातून निघाल्यापासून कार्यालयात पोचेपर्यंत पाणीच न पिण्याची सवय अनेक नोकरदार बायकांना असते, आणि ती सवय आजाराच्या इतिहासात नोंदवावी असे मला आजवर कोणत्याही डॉक्टरांच्या खोलीत वाटले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

आयुर्वेदात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. गंमत अशी की चांगल्या रोग्याचेही चार गुण चरकाने मोजून दिले आहेत. त्याला आजाराची हकिकत आठवत असावी, सांगितलेले त्याने पाळावे, तो भित्रा नसावा आणि आपल्याला काय होते ते त्याला नीट सांगता यावे. एखादे चिकित्सालय जोखायचे असेल तर मला ही कसोटी वैद्यांच्या पदव्यांपेक्षा अधिक उपयोगी वाटते, कारण रुग्णाला हे गुण अंगी बाणवायला तेथे कोणी मदत करते का, हे दोन भेटींत कळते. या ठिकाणी ती मदत होते आणि ती एका साध्या वहीतून होते. पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही आणायला सांगतात. रोज काय खाल्ले, किती वाजता झोपलो, कंबर कोणत्या वेळी आणि काय करताना दुखली, हे तीन-चार ओळींत लिहायचे. पुढच्या भेटीत वैद्यबाई तुमच्याकडे पाहण्याआधी वही पाहतात. वही कोरी असेल तर रागावत नाहीत, पण औषध बदलतही नाहीत. नोंद नसताना बदल कशाच्या आधारावर करू, असा त्यांचा सवाल असतो आणि त्याला उत्तर नसते. दुखणे सकाळी उठताना नसून दुपारी चारच्या सुमारास, सलग बैठकीनंतर वाढते, हे मला स्वतःच्याच अक्षरात वाचून कळले.

पथ्याचा छापील कागद मात्र मुंबईसाठी लिहिलेला नाही. सकाळी ब्राह्ममुहूर्तावर उठावे, ताजे व गरम जेवावे, दुपारी जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडे पडावे, हे सर्व शास्त्राला धरून आहे. पण डोंबिवलीहून येणारा माणूस पहाटे केलेला डबा दुपारी दीड वाजता उघडतो आणि डाव्या कुशीवर पडायला त्याला फक्त टेबलाखालची जागा असते. मी हे बोलून दाखवले तेव्हा वैद्यबाईंनी पेन उचलले आणि कागदावर काटछाट सुरू केली. वाटाणा, पावटा, वाल आणि हरभरा बंद राहिले. रात्रीचे दही आणि फ्रिजमधले शिळे अन्नही बंदच राहिले. ताज्या जेवणाच्या जागी स्टीलच्या थर्मासमध्ये मुगाचे कढण आणि ज्वारीची भाकरी आली, भाकरीवर चमचाभर तूप आले, वामकुक्षीच्या जागी दर तासाला उठून पाण्याच्या यंत्रापर्यंत चालत जाणे आले. सकाळी अंघोळीपूर्वी कंबरेला आणि पायांना स्वतःच्या हाताने कोमट तीळतेल लावायचे, हे कलम मात्र त्यांनी काही केल्या सोडले नाही. माझ्या फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायामही करून दाखवायला सांगितले आणि एक सोडून सगळे चालू ठेवले.

उपचारांत सर्वांत जमलेली गोष्ट म्हणजे कटिबस्ती. पालथे झोपवून उडदाचे पीठ घट्ट मळून त्याचे बांगडीसारखे जाड कडे कंबरेवर बसवतात, आतून-बाहेरून ओल्या बोटाने त्याच्या कडा त्वचेला चिकटवतात आणि मग कोमट तेल आत सोडतात. कडे एका जागीही सुटले तर तेल सरळ बरगडीकडे वाहते; येथील मावशींच्या हातून ते कधी सुटले नाही. तेल निवू लागले की कापसाच्या बोळ्याने टिपून भांड्यात पिळायचे, वाफेवर धरलेल्या दुसऱ्या भांड्यातले ओतायचे, आणि हे अर्धा-पाऊण तास थांबू न देता करायचे. ओतण्यापूर्वी प्रत्येक वेळी मावशी त्या तेलात स्वतःचे बोट बुडवून पाहत. परिचारकाला चार पादांत जागा का दिली असावी, हे त्यांना काम करताना पाहिले की समजते. त्यांचे वेतन वैद्यांच्या प्रसिद्धीच्या प्रमाणात असावे, एवढीच अपेक्षा.

कटिबस्ती ही नावापुरतीच बस्ती; खऱ्या, म्हणजे गुदमार्गे द्यायच्या बस्तीची व्यवस्था तेवढी चांगली नाही. वातासाठी बस्ती हा प्रधान उपचार आणि वर्षा ऋतू हा वाताच्या प्रकोपाचा काळ, त्यामुळे आषाढ-श्रावणात येथे गर्दी उसळते. योगबस्तीचा क्रम आठ बस्तींचा असतो. त्यांत पाच अनुवासन, म्हणजे तेलाच्या आणि जेवणानंतर द्यायच्या, तर तीन निरूह, म्हणजे काढ्याच्या आणि उपाशीपोटी द्यायच्या. निरूहासाठी मध आणि सैंधव आधी घोटून, मग तेल, मग कल्क (वाटलेल्या औषधांचा लगदा) आणि शेवटी काढा असा क्रम पाळावा लागतो; तो येथे रुग्णासमोर पाळला जातो, मिश्रण फुटलेले कधी दिसले नाही. अडचण पुढे येते. निरूह बस्ती मुहूर्तभरात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, परत यावी अशी शास्त्राची अपेक्षा आहे आणि ती बहुतेकांच्या बाबतीत बरीच आधी पूर्ण होते. अशा वेळी पाच खाटांना दोन शौचालये हे गणित कोणत्या वास्तुविशारदाने मांडले, ते समजत नाही. उपाशीपोटीची वेळ सकाळी नऊची देऊन साडेअकराला आत घेतात, हीही तक्रार आहे. शिवाय चिकित्सालय जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असून उद्वाहन नाही. कंबर धरून आलेल्या माणसाला लाकडी जिना चढायला लावणे हा कोणत्याच पोथीतला उपचार नव्हे.

औषधांबाबत सावधपणे लिहिणे आवश्यक आहे. नामांकित उत्पादकांच्या वटी-गुग्गुळांच्या बाटल्यांवर घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. पण चिकित्सालयात तयार होणारी चूर्णे कागदी पुड्यांत येतात आणि पुडीवर फक्त ‘१-०-१’ असते. मी नावे मागितली तेव्हा औषध देणाऱ्या मुलाला आश्चर्य वाटले, वैद्यबाईंना वाटले नाही. त्यांनी प्रत्येक पुडीवर घटक लिहून दिले. हे प्रत्येकाने मागावे. २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली होती का, असा प्रश्न केला. वाद कोणाच्याही बाजूने असो, आपण काय गिळत आहोत हे रुग्णाला ठाऊक असले पाहिजे आणि दोन्ही पद्धतींच्या डॉक्टरांना त्याने ते सांगितले पाहिजे. माझी रक्तदाबाची गोळी बंद करू नका, हे येथे मी न विचारता सांगण्यात आले. ‘सगळ्या गोळ्या सोडा, मग या’ असे जेथे म्हणतात, तेथून उलट पावली परतावे.

स्वागतकक्षाशेजारच्या काचेच्या कपाटाचा मोह मात्र व्यवस्थापनाला आवरत नाही. च्यवनप्राश, केसांचे तेल, उटणे आणि ‘डिटॉक्स’ चहा ही मंडळी पैसे भरताना हळूच पुढे सरकवली जातात. वैद्यबाईंच्या चिठ्ठीत यांतले काही नव्हते. मी चिठ्ठी दाखवली आणि विषय संपला.

खर्च : पहिली तपासणी ६०० रुपये, कटिबस्तीच्या एका बैठकीचे ९०० रुपये, योगबस्तीचे पैसे एकदम घेतात आणि क्रम मध्ये थांबवावा लागला तर उरलेले परत करतात, हे लेखी देतात. मध्यमवर्गीय घराला हे जड आहे. ज्यांना परवडत नसेल त्यांच्यासाठी वरळीचे शासकीय पोदार आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय आहे. महाविद्यालय १९४१ पासूनचे आहे, पंचकर्माचा स्वतंत्र विभाग आहे आणि दर बरेच कमी आहेत. तेथे रांग लावायची तयारी हवी.

गुण आला का, हा प्रश्न सगळे विचारतात. दुपारची ठणक बरीच कमी झाली, सकाळचा ताठरपणा जवळजवळ गेला, आणि लांबच्या प्रवासानंतर कंबर अजूनही आठवण करून देते. पण बस्ती, तेल, पथ्य, व्यायाम, दर तासाला उठणे आणि पोटभर पाणी पिणे हे सर्व एकदमच सुरू झाले होते. त्यातले श्रेय एकट्या बस्तीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वैद्यबाईंनाही ते मान्य आहे. मुख्य कर्म झाले की आपले काम संपले, अशी ज्यांची समजूत आहे आणि ज्यांना वही लिहायचा कंटाळा आहे, त्यांनी येथे पैसे घालवू नयेत. त्यांना हॉटेलातले अभ्यंग अधिक समाधान देईल.

जाणाऱ्यांनी पहिल्या भेटीसाठी सकाळची वेळ मागावी, कारण दुपारनंतर वैद्यबाई बस्तीच्या रुग्णांत अडकतात आणि तपासणी सहायकांकडे जाते. जुने अहवाल, चालू गोळ्यांची यादी आणि एक टाकाऊ टॉवेल बरोबर न्यावा. उपचारातल्या सहचर तेलाचा डाग कोणत्याही साबणाने निघत नाही.