जुनी गाडी घ्यावी की जुना कॅमेरा?

आमच्या चौघांच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी तासाभरात दोनच ठिकाणी येऊन थांबतात. कुणाची गाडी सकाळी सुरू झाली नाही, आणि कुणाच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं. मधेमधे घरातल्या कुरबुरी येतात, पण त्यांचं मूळही बहुतेक वेळा या दोनांतच सापडतं. परवा आमच्यातल्या चौथ्याने, जो इतकी वर्षं नुसता ऐकून हसत होता, अचानक विचारलं, "मला दोन्हींतलं एकच झेपेल. काय घेऊ?"

तिघांनी तीन उत्तरं दिली आणि वाद झाला. माझ्याकडे दोन्ही आहेत, मागे इंजिन असलेली फोक्सवॅगनची बीटल गाडी आणि पेंटॅक्सचा के-१०००, रोल घालून चालणारा कॅमेरा. त्यामुळे माझं उत्तर जरा लांबलं. तेच इथे लिहून काढतोय.

पैशांचं आधी उरकून टाकू. घेताना गाडी महाग आणि कॅमेरा स्वस्त, यात शंका नाही. नंतरचं गणित मात्र वेगळं असतं. कॅमेरा थेंबाथेंबाने पैसे खातो. रोल घ्या, धुवून घ्या, स्कॅन करून घ्या, आणि ३६ फोटो संपले की पुन्हा पहिल्यापासून. गाडी सहा महिने काही मागत नाही आणि मग एका दिवशी घागरभर मागते. ज्याला दर महिन्याचा ठरलेला खर्च चालतो त्याने कॅमेरा घ्यावा. अचानक आलेल्या खर्चाने ज्याची झोप उडते त्याने गाडीच्या वाटेला जाऊ नये.

पण माझ्या मते खरा फरक पैशांत नाहीच. आपली चूक आपल्याला किती वेळाने कळते, तिथे आहे.

एक बोलते, दुसरा गप्प बसतो

जुनी गाडी बोलकी असते. मिसिंग मारायला लागली की कानाला कळतं, पेट्रोल गळलं की नाकाला कळतं. ब्रेकचा पाय खोल जायला लागला की पायाला कळतं. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल खातंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. हे शिकायला पुस्तक लागत नाही, दोन हिवाळे पुरतात.

बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं. रेडिएटर नाही, आणि जुन्या मॉडेलांना ऑइल फिल्टरसुद्धा नाही, नुसती जाळी. म्हणून दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं आणि व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिनातल्या झडपांची, फट तपासायची. हे काम इंजिन पूर्ण थंड असताना करावं लागतं, त्यामुळे आमच्याकडे ते सकाळी, चहाच्याही आधी होतं. मी गाडीखाली आडवा होतो, बायको वर पुलीच्या नटाला पाना लावून उभी राहते. "थोडं फिरव. अजून. बस, बस, मागे घे." मग फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांतली, ०.१५ मिलिमीटरची पाती फटीत घालायची. पाती जाताना बोटाला किंचित ओढ लागली पाहिजे. सहज सरकली तर फट जास्त, शिरलीच नाही तर कमी. असे आठ व्हॉल्व्ह. पहिल्या वेळी आम्हाला दोन तास लागले आणि दिवसभर एकमेकांशी धड बोललो नाही. आता चाळीस मिनिटांत होतं, आणि तेवढ्या वेळात घरातले निम्मे निर्णयही होऊन जातात. मी गाडीखाली असतो, उठून जाता येत नाही.

तरी या बोलक्या गाडीची एक खोड सांगून ठेवतो. ढिला व्हॉल्व्ह टकटक वाजतो, म्हणून आपण घाबरतो. घट्ट झालेला मात्र आवाज करत नाही. तो नीट बसत नाही, गरम होत राहतो आणि शेवटी जळतो. "माझी गाडी अगदी शांत चालते" असं कुणी अभिमानाने सांगितलं की मी आधी विचारतो, व्हॉल्व्ह कधी बघितलेस?

कॅमेऱ्याचं सगळंच असं, घट्ट व्हॉल्व्हसारखं. तो आपली चूक महिनाभर पोटात ठेवतो. आम्ही घर बदललं तेव्हा रिकाम्या खोल्या, खोक्यांचे ढीग, खोक्यावर बसून जेवणारी मंडळी, सगळं मी मन लावून टिपलं. आकडा ३६ वर गेला, मग ३७, ३८, ४०. तेव्हा पोटात गोळा आला. रोलचं टोक उजवीकडच्या रिळात अडकलंच नव्हतं. मी दिवसभर एकाच जागी थांबलेल्या फिल्मवर चाप दाबत होतो. नंतर कळलं की यावर सोपी खूण आहे. रोल भरल्यावर पहिल्यांदा लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची फिरकी फिरते का, ते बघायचं. फिरली म्हणजे फिल्म सरकतेय. मावशी अजून विचारते, "ते नव्या घराचे फोटो कधी देणार?" मी म्हणतो, स्कॅनला दिलेत.

तेव्हा स्वतःला एक विचारा. झालेल्या चुकीचा आरडाओरडा तुम्हाला बरा वाटतो, की उशिरा कळलेला फटका? थोडक्यात, तुम्ही रागीट माणसाबरोबर जास्त नीट राहता की घुम्या?

बघायला जाल तेव्हा

गाडी बघायला जाताना आधी कळवा की इंजिन थंड असू दे. पोचल्यावर पहिल्यांदा हात इंजिनाजवळ न्या. गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवलंय, आणि गार इंजिन सुरू करायला त्रास होत असावा असं धरून चाला. खिशात एक छोटं चुंबक ठेवा. दारांचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा इथे ते चिकटलं नाही तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. रंगाला भुलू नका. इंजिनाचं काम कुणीही करून देईल, पण सडलेला पत्रा कापून नवा जोडणारा कसबी माणूस शोधता शोधता उन्हाळा संपतो.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून खूश होऊ नका. टायरच्या बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या जुन्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. पेट्रोलच्या नळ्यांचंही तेच, आणि हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. नळ्या कशाही दिसत असल्या तरी घेतल्या घेतल्या बदला. मागे गरम इंजिन असलेल्या गाडीत गळकी नळी ही थट्टा नव्हे.

कॅमेऱ्याची तपासणी पाच मिनिटांची. मागचं दार उघडा, लेन्स काढा, शटर एक सेकंदावर ठेवा, चाप दाबा आणि मनात "एक हजार एक" म्हणा. मधेच अडखळलं तर आतलं वंगण घट्ट झालंय. वेगवान शटर ठीक वाजतं म्हणून निर्धास्त होऊ नका, हा आजार सावकाश वेगांवर दिसतो. मग लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसरीकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, ती लेन्स ठेवून या. दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा लागला तर मात्र घाबरायचं कारण नाही. तो सगळ्यांचाच वितळतो आणि घरी बसून बदलता येतो.

कोणता कॅमेरा, यावर आम्ही तिघं भांडतो. के-१००० आणि कॅननचा एई-१, दोन्ही १९७६ सालचे. एई-१ मध्ये बॅटरी संपली की शटरही संपलं. वर वय झालं की चाप दाबल्यावर तो खोकतो, आतले भाग कोरडे पडल्याची ती खूण. के-१००० ला बॅटरी फक्त मीटरपुरती, म्हणजे उजेड मोजण्यापुरती, लागते, बाकी सगळं स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालतं. हा कॅमेरा १९९७ पर्यंत बनत होता, त्यामुळे सुटे भाग आणि दुरुस्त करणारे हात दोन्ही अजून सापडतात. त्याच्या मीटरला चालू-बंद बटण नाही. लेन्सचं झाकण लावणं हेच बटण. ते लावायला विसरलात की सेल उतरला. माझा दोनदा उतरला. पण भर उन्हात मीटर लागतंच कशाला? अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ १६ वर, आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे डबीवर लिहिलेल्या संवेदनशीलतेच्या आकड्याच्या, जवळचा. ४०० ची फिल्म असेल तर ५०० वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, ठेवायचं.

आमच्यातल्या एकाचा ऑलिम्पस ओएम-१ मागतो १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल, आणि पाऱ्याचे सेल बनणं केव्हाच बंद झालं. साधा १.५ व्होल्टचा घातला तर मीटर खोटं बोलतं. त्याने आजोबांच्या श्रवणयंत्राचा सेल भोवती कडं घालून बसवला, त्याचा दाब १.३५ च्या बराच जवळ असतो. मीटर बरोबर चालू लागलं. आजोबांना दोन दिवस काही ऐकू आलं नाही, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

घर काय म्हणतं

कॅमेरा कपाटात मावतो, म्हणून घरातले सुरुवातीला काही बोलत नाहीत. मग तो हळूहळू पसरतो. फ्रिजच्या दारात लोण्याशेजारी रोलच्या डब्या येतात. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुवायचं खूळ डोक्यात आलं की बाथरूम अडतं. खरं तर फिल्म टाकीत भरण्यापुरताच अंधार लागतो, तोही काळ्या पिशवीत हात घालून भागतो. पण २० अंशांचं पाणी, चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते पक्कं करणारा फिक्सर, आणि नंतर कपड्यांच्या चिमट्याला लटकणारी ओली फिल्म, एवढं झाल्यावर तीन तास आंघोळीला जायचं नाव काढायचं नाही. फिल्मवर धूळ बसते ना!

गाडी घरात येत नाही, पण माणसं बाहेर ओढते. बॅटरी उतरली की धक्का मारायला सगळे हवेत. ती नुसती उभी ठेवूनही चालत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, ब्रेक जाम होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. पंधरा दिवसांतून एकदा चांगली अर्धा तास चालवायलाच हवी. जागेवर पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करणाऱ्यांना वाटतं आपण काळजी घेतोय. पण तेवढ्यात इंजिन पुरतं तापतही नाही आणि आत उलट ओल साठते. कॅमेऱ्याला एवढे लाड नाहीत. चामडी कव्हरातून काढून उघड्या हवेशीर जागी ठेवा, महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर शटर वाजवा. चामडं ओल धरून ठेवतं, बुरशीचं पहिलं घर तेच.

एक मुद्दा मी गप्पांत काढला की सगळे गप्प होतात. तीन जागी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोने १९५९ मध्ये गाड्यांत आणला, पण त्यानंतर कित्येक वर्षं अनेक गाड्यांच्या मागच्या सीटला बेल्टच नसायचा. जुन्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस नाही, पुढे इंजिनही नसेल तर पेट्रोलची टाकी आणि आपले गुडघे. लहान मूल असलेल्या घरात ही एकुलती एक गाडी असू नये. दुसरी रोजची गाडी असेल तर हौसेने घ्या, नसेल तर विषय संपला. कॅमेऱ्याने फार तर फोटो बिघडतो.

राहिला जुना डिजिटल कॅमेरा, दोन हजारच्या दशकातला. हल्ली त्याचीही टूम आहे. रंग छान येतात, खर्च नाही. पण त्याची बॅटरी आणि कार्ड मिळेनासं झालं की तो पेपरवेट. तिसरा पर्याय म्हणून मी तो धरतच नाही.

तर चौथ्याला मी काय सांगितलं? घरात एकच गाडी, मुलगा पाच वर्षांचा, आणि रविवारची सकाळ मोकळी नाही. म्हटलं, कॅमेरा. आणि तोही बॅटरीवाचून चालणारा. गाडीसाठी घरातलं दुसरं कुणीतरी पाना हातात घ्यायला तयार असावं लागतं. एकट्याचा नाद म्हणून घेतलेली गाडी शेवटी कापडाखाली उभी राहते. आमच्या ओळखीत अशा तीन आहेत. मग वाटलं, विकत कशाला घेतोय लगेच? महिनाभर माझाच के-१००० ने. गाडी कुणी अशी महिन्यासाठी देत नाही, हाही कॅमेऱ्याच्या बाजूचा एक मुद्दा.

परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. "अरे, ती डावीकडची फिरकी फिरत नाहीये. फिरायला हवी होती ना?"

"आकडा किती झालाय?"

"एकोणीस."

म्हटलं, उजेड कमी कर आणि दार उघड बिनधास्त, आत काहीच आलेलं नाही. पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज ऐकू आला, "म्हणजे मघापासून आम्ही उगाचच हसत होतो?"